वहाणांचा पाचवा जोड

१

रविवारची जेवणं आटोपली की विनिता टेबलावरचं प्लास्टिक पुसून घेई आणि घरभर ऐकू जाईल अशी हाक मारी, "चला, या मरायला!"

समोरच्या फ्लॅटमधल्या मनिषाताईंनी ही हाक पहिल्यांदा ऐकली, तेव्हा त्या हातात लाटणं घेऊन धावत आल्या होत्या. आता त्या आपल्या स्वयंपाकघरातूनच विचारत, "आज कोणाचा नंबर?"

खेळ आणला होता पूर्वीने, म्हणजे विनिताच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीने, आणि तो आजोबांसाठी आणला होता. विनिताचे सासरे काशीराम जन्मभर खाडीकाठच्या मिठागरात उन्हात राबलेले. त्यांच्या छातीत दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं की जिना चढायचा नाही, ओझं उचलायचं नाही, डोकं तापवायचं नाही. पण असा माणूस, लिफ्ट सदा बंद असलेल्या पनवेलच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसून करणार काय? टीव्ही लावला की ते मालिकेतल्या सासूला शिव्या घालत. पत्ते काढले की मुलाशी, हरेशशी भांडत. शेवटी पूर्वी एक दिवस रंगीबेरंगी फाशांची पिशवी घेऊन आली.

खेळ तसा सोपा होता. प्रत्येकाने आपल्या मनाने एक माणूस उभा करायचा. त्याचं नाव काय, अंगात ताकद किती, जीव किती, ते कागदावर मांडायचं. पूर्वी गोष्ट सांगायची. त्यात जंगलं, किल्ले, राक्षस सगळं यायचं. आपला माणूस तिथे काय करतो ते आपण बोलायचं, आणि ते जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. वीस पडले तर वाहवा. एक पडला तर सत्यानाश.

विनिताने मैना नावाची वैद्यीण घेतली होती. पूर्वीने डोक्याला हात लावला तरी मैनेच्या पिशवीत जडीबुटीबरोबर सुंठेचे लाडू असायचेच. हरेश तळोज्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून यायचा. त्याचा सरदार उदयसिंह बलदंड होता, पण लढाई ऐन रंगात आली की खुद्द हरेशच घोरायला लागे. मग बाकीचे सरदाराला घोड्यावर आडवा टाकून पुढे निघत.

"आजोबा, तुमचा माणूस कोण? जादूगार? राजपुत्र?" पूर्वीने पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"चोर," काशीराम म्हणाले. "नाव पोशा. उजवा पाय लाकडाचा."

"अहो, लंगडा चोर पळणार कसा?"

"म्हणून तर त्याचा संशय कोणाला येत नाय."

आणि खरंच, पोशाने बघता बघता राजाचा मुकुट, राक्षसाची पगडी आणि एकदा तर सरदार उदयसिंहाचीच तलवार लांबवली. काशीरामांच्या चेहऱ्यावर रंग आला. औषधाच्या वेळा ते स्वतः सांगू लागले.

विनिताला या खेळातली एकच गोष्ट पटत नव्हती. जीव संपला की माणूस मरायचा, अगदी कायमचा. त्याचा कागद फाडायचा.

"मरायचं कशाला पण? बेशुद्ध पाडावं," तिने एकदा सुचवून पाहिलं.

"आई, मरताच येत नसेल तर तो खेळ नाही, मालिका आहे," पूर्वी म्हणाली.

"बरोबर बोलते पोर," काशीराम म्हणाले.

२

काशीरामांच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख ठरली, पुढच्या आठवड्यातला गुरुवार. डॉक्टर म्हणाले, रोजची कामं आहेत आमची, काळजी करू नका. पण शेवटी वयाबद्दल एक वाक्य बोललेच, आणि विनिताच्या मनात तेवढंच राहिलं.

तिने बाजारात जाऊन बाबांसाठी, म्हणजे सासऱ्यांसाठी, मऊ तळव्याच्या नव्या चपला आणल्या. दवाखान्यातून घरी येताना घालायला. दुकानदाराने डावी-उजवी दाखवून खोक्यात ठेवल्या, वर सुतळी बांधली. विनिताने खोकं न उघडता दाराबाहेरच्या चपलांच्या स्टँडवर वरच्या फळीवर ठेवून दिलं. आपल्या वाट्याचं काही नवंकोरं घरी वाट बघत असलं, की माणूस परत येतोच, असं तिला वाटे. असं कोणी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच वाटे.

त्या रविवारी पोशा झुलत्या पुलावर होता. खाली काळं पाणी, मागे राक्षस, काखेत चोरलेला सोन्याचा कोंबडा. आणि पूल तुटला.

"आता जीव शून्य," पूर्वी म्हणाली. "वाचतो का मरतो ते माझ्या फाशावर."

असे फासे ती मिक्सरच्या खोक्यातून कापलेल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकायची. फासा गडगडला आणि थांबला. पूर्वीने आत पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला.

विनिता शेजारीच बसली होती. तिने टेबलाखालून लेकीच्या पायावर पाय दाबला. जोरात दाबला.

पूर्वीने आईकडे पाहिलं, मग आजोबांकडे. "वाचला," ती म्हणाली. "लाकडी पाय फळीत अडकला."

"वा वा," विनिता म्हणाली आणि एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

काशीराम पुठ्ठ्याकडे बघत राहिले. "बरा," एवढंच म्हणाले आणि पाणी प्यायले.

संध्याकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला विनिताने दार उघडलं, तर स्टँडजवळ चपलांचे पाच जोड.

तिची चप्पल, हरेशचे बूट, पूर्वीचे कॅनव्हासचे बूट, बाबांच्या जुन्या चपला. घरात माणसं चार आणि चारही घरात. पाचवा जोड जाड चामड्याच्या वहाणांचा होता, जुना, अंगठ्याशी झिजलेला. कडेने पांढरं मीठ धरलं होतं. आणि त्या ओल्या होत्या. जिन्यावर दुसरीकडे कुठेही ओल नव्हती.

तिने मनिषाताईंची बेल वाजवली. "तुमच्याकडे पाहुणे आलेत का हो?"

"नाही बाई. का?"

"वहाणा आहेत कोणाच्या तरी."

मनिषाताईंनी मान बाहेर काढली. "कुठे आहेत?"

विनिता वळली. जोड चारच होते. फरशीवर मात्र दोन ओले ठसे दिसत होते, आणि ते बघता बघता वाळून पांढरे झाले.

"दुधाची पिशवी गळली असेल," मनिषाताई म्हणाल्या. विनिताला हे कारण इतकं आवडलं, की तिने लगेच फरशी पुसून टाकली.

३

दवाखान्याचा दिवस जवळ येऊ लागला तसं काशीरामांनी रोज खेळायचा हट्ट धरला. मग मंगळवारी संध्याकाळीही बसले.

त्या दिवशी पोशाच्या अंगावर छत कोसळलं. तो वाचला. त्याला साप चावला. वाचला. एका म्हातारीने त्याला विषारी खीर दिली, तीही त्याने पचवली.

"भारीच नशीब हाय या पोशाचा," काशीराम कोणाकडेही न बघता म्हणाले.

"आहेच मुळी!" विनिता म्हणाली. तिचा पाय दुखायला लागला होता.

तेवढ्यात दाराशी काहीतरी खरखरलं. तिने उठून दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. त्या वहाणा मात्र उंबऱ्याला लागून होत्या, पुढची टोकं घराकडे. चपला काढताना कोणी इतक्या नेटक्या ठेवत नाही. बेल वाजवावी की नको अशा विचारात एखादा माणूस उभा असावा, तशा त्या उभ्या होत्या.

विनिताच्या माहेरी आणि सासरी पाहुण्याला दारात ताटकळत ठेवायची पद्धत नव्हती. पंचवीस वर्षं हेच बोलत आलेली जीभ. विचार करायच्या आत तिच्या तोंडून गेलं, "अहो, बाहेर का थांबलात? या ना आत, आपलंच घर आहे."

तिच्या कोपराला घासून काहीतरी गार गेलं. ओहोटीच्या वेळी खाडीवरून येतो, तो वास आला. आतल्या बाजूला खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

ती मागे वळली. टेबलाभोवती हरेश, पूर्वी आणि बाबा होते. तिची खुर्ची रिकामी होती. आणि भिंतीला लावून ठेवलेली जास्तीची खुर्ची टेबलाजवळ आली होती.

"ती कोणी ओढली?" तिने विचारलं.

"मी नाही," पूर्वी म्हणाली.

"सरदार झोपलाय," हरेश डोळे मिटूनच म्हणाला.

काशीरामांनी फक्त आपली बशी थोडी अलीकडे ओढली, जशी आपण शेजारी कोणी बसलं की ओढतो.

विनिताने खाली पाहिलं. वहाणा आता उंबऱ्याच्या आत होत्या.

४

"आई, एक दाखवायचंय," त्या रात्री जेवणं झाल्यावर पूर्वी तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "रविवारपासून मी आजोबांसाठी फासा टाकते तेव्हा एकच पडतो. फासे बदलून बघितले. प्रत्येक वेळी एक."

"फासा एका बाजूला जड असेल."

"तेच तर तपासायचंय. पाण्यात भरपूर मीठ घातलं की फासा तरंगतो. टिचकी मारायची. चांगला फासा असेल तर दर वेळी वेगळा आकडा वर येतो."

विनिताने पेल्यात मीठ ओतलं. फासा तरंगला. पूर्वीने टिचकी मारली. सतरा. पुन्हा मारली. चार. मग अकरा.

"बघ, चांगला आहे," विनिता म्हणाली. तिला इतकं हलकं वाटलं, की तिने सकाळच्या फोडणीसाठी कढीपत्ता निवडायला काढला.

"आता मैनेसाठी," पूर्वी म्हणाली. नऊ. "बाबांच्या सरदारासाठी." तेरा. मग तिने आवाज खाली आणला. "पोशासाठी."

एक.

टिचकी मारली. एक. विनिताने चमच्याने पाणी ढवळलं. फासा गरगरा फिरला आणि एक वर करून थांबला. मग तिने चिमट्याने तो पालथा धरला आणि सोडला. फासा पाण्यात वळला. सावकाश वळला, झोपेत कूस बदलावी तसा. आणि पुन्हा एक.

पूर्वीने पेला बाजूला सरकवला.

"आई, तो पुलावरच मेला होता," पूर्वी म्हणाली. "मी खोटं बोलले. तू पाय दाबलास म्हणून."

"मी प्रेमाने दाबला होता."

"नख काळं पडलंय माझं."

बाहेरच्या खोलीतून खुर्ची करकरली. हरेश आणि बाबा आत झोपायला गेले होते. बाहेर कोणी नसायला हवं होतं.

विनिता विचार करू लागली. ती फार शिकल्याचा आव आणत नसे, पण घर कसं चालतं ते तिला कळत होतं. कोणीतरी कोणाला तरी न्यायला आलं होतं. त्याला सांगितलं, पोशा वाचला. मग तो दारात थांबून राहिला. मग आपणच त्याला या म्हटलं, बसवलं. आता पाहुण्याला ऊठ कसं म्हणायचं? आणि समजा उठला, तरी इतके दिवस थांबलेला पाहुणा रिकाम्या हाताने थोडाच जाणार? पोशा दिला नाही, तर तो घरात दुसरं काय न्यायला आहे ते बघेल. आणि घरात सगळ्यात थकलेला जीव कोणाचा होता, ते तिला कोणी सांगायला नको होतं.

तिने गॅस लावला.

"काय करतेस?" पूर्वीने विचारलं.

"चहा. बसवून ठेवलंय तर निदान कोरडं तरी नको."

कप तिने रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला आणि मागे न बघता आत आली. सकाळी कप रिकामा होता. तळाशी साखरेसारखं काहीतरी साचलं होतं. बोट लावून चाखायचा मोह तिने टाळला. तिला चव माहीत होती.

५

बुधवारी दुपारी दवाखान्याची पिशवी भरताना ती बाबांच्या खोलीत गेली, आणि दारातच थबकली. वहाणा पलंगाच्या पायथ्याशी होत्या. काशीराम उशीला टेकून त्यांच्याकडे बघत बसले होते.

"बाबा," ती वहाणांकडे बोट दाखवत म्हणाली. "तुम्हाला दिसतायत?"

"डोळ्यांचा ऑपरेशन नाय सांगितला डॉक्टरनी," काशीराम म्हणाले. "दिसतात ना. अशा वहाणा आमच्या मिठागरच्या मुकादमाच्या व्हत्या. तो कवा हाक मारायचा नाय. दिवस संपला की नुसता बांधावर येऊन उभा रायचा. आमी आपले कळून निघायचो."

"म्हणजे तेच आहेत?"

"तो कवाच मेला. मी वहाणांबद्दल बोलतोय."

विनिता पलंगाच्या कडेला बसली. वहाणांपासून पाय लांब ठेवून बसली.

"सूनबाय," काशीराम म्हणाले, "पन्नास वर्सा रमी खेळलो मी. समोरचा पान लपवतो ते मना कळत नाय? पोशा त्या पुलावर मेला. तुमी मायलेकी खोटा खेळलात."

"तुमच्या मनाला लागू नये म्हणून हो. उद्या ऑपरेशन..."

"उद्या त्या टेबलावर पण डॉक्टरचा पाय दाबणार हाय का तू?"

विनिताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी तिला हसूही आलं. ती पदराने तोंड झाकून बसून राहिली.

"रडू नको. मना एकच पायजे," ते म्हणाले. "फासा माझ्यासमोर पडू दे. पडेल तो पडेल. खोट्यावर वाचून काय मजा? आन् उद्या मी वाचलो, तर मना कळायला नको का, खरा वाचलो ते?"

ती उठली, बाहेर गेली आणि टेबलावरचं प्लास्टिक पुसू लागली. नेहमीची हाक मात्र तिला मारवेना.

"चला," ती म्हणाली, "या बसायला."

मग आत डोकावून हळूच बोलली, "बाबा, तेवढं पोशाला निघताना 'जातो' म्हणायला लावा हं. आपल्यात 'येतो' म्हणतात. उगाच घोळ नको."

"कळला कळला."

६

पुठ्ठ्याचा आडोसा पूर्वीने काढून कपाटामागे टाकला. हरेशला आज सगळ्यांनी मिळून जागं ठेवलं होतं, आणि तो उगाच तलवारीच्या गोष्टी करत होता. पाचवी खुर्ची टेबलाशी होती. हरेशने चकलीची ताटली फिरवताना तिथे थांबवली, मग आपण काय केलं हे न कळून पुढे सरकवली.

"तुम्ही पुन्हा पुलावर आहात," पूर्वीने सुरुवात केली. "मैना पलीकडे पोचलीय. सरदारही. राक्षस मागून येतोय. पूल एका दोरावर आहे."

"पोशा काय करतो सांगू?" काशीराम म्हणाले. "पोशा पुलावरच रायतो. दोर कापतो. राक्षस खाली."

"पण मग तुम्हीही खाली, आजोबा."

"बघू की. फासा हाय ना."

त्यांनी फासा हातात घेतला. फुंकर मारली, रमीच्या पानांवर मारत तशी. फासा टेबलाच्या मधोमध गडगडत गेला, पाचव्या खुर्चीपुढे पोचला आणि तिथे थांबला. विनिताला शपथेवर सांगता आलं असतं, की तो आणखी जायचा होता. कोणीतरी बोट ठेवल्यासारखा थांबला.

एक.

पूर्वी रडायला लागली. हरेशने तिच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर रस्त्यावर रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती, मनिषाताईंच्या कुकरची शिट्टी झाली, आणि या खोलीत एक माणूस मेला होता. कधी नसलेला माणूस. विनिताला वाटलं, काहीतरी बोलायला हवं. "पोशाभाऊ," ती म्हणाली, "मैनेकडून हे दोन लाडू घेऊन जा. वाटेत लागतील."

काशीराम सावरून बसले. पोशाचा आवाज ते नेहमी नाकातून काढत, तसाच काढला. "चला मंडळी. लय चोऱ्या केल्या, लय मजा आली. सरदार, तुमची तलवार गादीखाली हाय. मैना, लाडू बरे व्हते गो. येतो मी."

विनिताने चमकून वर पाहिलं.

"जातो!" ती दबक्या आवाजात म्हणाली. "जातो म्हणायचं होतं!"

काशीरामांनी जीभ चावली. "सवय गो," ते म्हणाले. मग त्यांनी पोशाचा कागद उचलला आणि सरळ फाडला.

खुर्ची मागे सरकली.

सगळ्यांनी ती पाहिली. पाहुणा निघावा तशी चामड्याची करकर आली, टेबलाला वळसा घालून दाराकडे गेली. तिच्या मागोमाग आणखी एक आवाज होता.

पाऊल. टक. पाऊल. टक.

दाराची कडी आपोआप निघाली. किंवा ती नीट लागलीच नसेल, असं विनिताने नंतर स्वतःला बरेचदा समजावलं. आवाज जिन्यावर गेला. दुसऱ्या मजल्यावर, पहिल्या मजल्यावर. मग रिक्षांच्या गोंगाटात मिसळला.

"लाकडी पायाने जिना उतरला," हरेश पूर्ण जागा होऊन म्हणाला. "आज लिफ्ट चालू होती ना?"

विनिता दाराशी गेली. फरशीवर ओल्या वहाणांचे ठसे होते, आणि त्यांच्या शेजारून चाललेलं एक अनवाणी डावं पाऊल. उजवं पाऊल नव्हतं. त्या जागी वाटी पालथी घातल्यासारखी एकेक गोल खूण होती. ती वाकून बघेपर्यंत सगळं वाळलं.

७

ऑपरेशन सुरळीत झालं. डॉक्टर म्हणाले, म्हातारबुवा टणक आहेत. शुद्धीवर आल्यावर काशीरामांनी पहिला प्रश्न विचारला तो "फासा कोणी टाकला?" हा. नर्सला वाटलं, भूल उतरली नाही.

घरी सोडायच्या दिवशी हरेशने नव्या चपलांचं खोकं आणलं. सुतळीची गाठ दुकानदाराने मारली होती तशीच होती. ती सोडता सोडता विनिताचं नख तुटलं. झाकण काढलं. आत चप्पल एकच होती, उजवी.

"दुकानदाराने एकच घातली असणार," हरेश म्हणाला. "उद्या जाऊन झापतो त्याला."

"माझ्या देखत दोन घातल्या," विनिता म्हणाली.

काशीराम त्या एकट्या उजव्या चपलेकडे बघत होते. मग त्यांचे खांदे हलू लागले. त्यांनी छातीवर उशी दाबून धरली. "मना हसवू नका रे. टाके तुटतील. चोर तो चोरच! आन् शाना किती, लागते तेवढीच नेली!"

ते दवाखान्याच्या रबरी चपलेत एक पाय आणि नव्या चपलेत एक पाय घालून घरी आले. उंबऱ्यात विनिताने त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळला. "आलो गो," ते म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर ती उजवी चप्पल विनिताने टाकली नाही. स्टँडवर वरच्या फळीवर ठेवली.

टाके भरून आले तसा पुन्हा रविवारचा खेळ सुरू झाला. पुठ्ठ्याचा आडोसा रद्दीत गेला होता. पूर्वीने कोरा कागद आजोबांपुढे ठेवला. "हं, आता नवा माणूस कोण? नाव सांगा."

काशीराम पेन्सिल हातात घेऊन बसले, पण लिहीनात.

"अहो, सांगा ना."

"थांब जरा. येतो बोललाय तो," ते म्हणाले. "उगाच दोघांची गर्दी नको."

"बाबा!" विनिता स्वयंपाकघरातून ओरडली. "असलं काही बोलू नका भरल्या घरात!" बोलता बोलता ती थांबली. तिने गॅस बारीक केला.

जिन्यावर आवाज होता. खूप खालून येत होता. चपलेचं एक मऊ पाऊल, मग टक. मऊ पाऊल, टक. जड काहीतरी काखेत घेऊन येणाऱ्या माणसासारखा, मध्येच दम खात, तरी ओळखीच्या घरी येताना येतात तसा.

बाहेरच्या खोलीत भिंतीजवळची खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती काशीरामांनी ओढली होती. त्यांच्या श्वासावरून कळत होतं.

विनिता कान देऊन ऐकत राहिली. मऊ पाऊल, टक. आणि त्या दोहोंच्या मागे, थोडं अंतर राखून, चामड्याची करकर होती का? की तो पंखा होता?

तिने आधणात आणखी पाणी ओतायला घेतलं. एका कपाचं घालावं की दोन कपांचं, हे काही केल्या तिला ठरवता येईना.